बटणावरची लाल खूण

मालन कासार यांचं पत्र आलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. आता एकोणऐंशीवं चालू आहे. पत्र हरवलेलं नाही. निळं आंतर्देशीय आहे, एका जाड इंग्रजी पुस्तकात दोनशे सोळा आणि दोनशे सतरा या पानांच्या मध्ये. घरं तीन बदलली, पुस्तकं कितीतरी देऊन टाकली, पण ते पुस्तक आणि ते पान तसंच राहिलं.

पत्राची सुरुवात अशी आहे : ‘हळबे सरांना मालनचा नमस्कार. सर, मैदानाच्या दिवशी माझं काय चुकलं तेवढं लिहून कळवा. तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं.’

पुढे आणखी चार ओळी आहेत. त्या मी नंतर सांगतो.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्राध्यापक नव्हे. प्राध्यापक शिकवत आणि मी तारा जोडून देत असे. मुलं मला घाबरत नसत, विचारतही नसत. मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या आणि एका दुपारी मालनबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे इसाकभाई मुल्ला होते, त्यांचे वायरमन. दोघांच्या हातांत एकेक ॲम्प्लिफायर होता. इसाकभाईंच्या हातातला इतका जड होता की त्यांनी तो लंबकाच्या टेबलावर ठेवला तेव्हा सगळे लंबक हलायला लागले.

“सर, ही दोन मशिनं,” मालनबाई म्हणाल्या. “ह्यातलं कंचं न्यायचं ते सांगा.”

त्यांचे यजमान यशवंत कासार यांना मी ओळखत होतो. ‘श्री कालिका लाउडस्पीकर’ म्हणजे ते. कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी त्यांचाच माइक असायचा आणि अधूनमधून ते माझ्याकडे मीटर मागायला यायचे. आदल्या दिवाळीत ते काविळीने गेले. मालनबाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी दुकान बंद केलं नाही, याचं गावात अनेकांना नवल वाटत होतं.

“कुठे न्यायचंय?” मी विचारलं.

“सोनवडला. जत्रंतल्या कुस्त्या. पाडवा झाला की.”

“धा हजार माणूस आसतंय, सर,” इसाकभाई म्हणाले. “चार खांब, चार कर्णे.”

“भगवानतात्या हायेत कमिटीचे,” मालनबाई म्हणाल्या. “त्ये म्हणाले, यंदा बघतो, जमलं तर फुडच्या सालीबी तुमीच. आमचा दीर समदं सामान इकायला बसलाय. सोनवडचं मैदान नीट झालं तर त्येचं तोंड बंद हुईल. न्हाई झालं तर माझं.”

त्या हसल्या. मी हसलो नाही. अशा वेळी हसावं की नाही हे मला कधीच कळलेलं नाही.

कर्ण्याच्या मागे जे युनिट बसवतात, ज्यातून खरा आवाज निघतो, ते प्रत्येकी पस्तीस वॉटचं होतं. म्हणजे चार मिळून एकशे चाळीस. लहान मशीन शंभर वॉटचं, मोठं अडीचशेचं.

“यशवंतराव कोणतं नेत?”

“मोठं. कायम मोठंच.” त्यांनी मोठ्या मशीनचं आवाजाचं बटण दाखवलं. त्याच्या कडेला, निम्म्याच्याही अलीकडे, लाल ठिपका होता. “माझ्याच बाटलीतलं नखपॉलिश. नवीन आणल्याली बाटली, मी लई भांडले हुते. ह्याच्या फुडं बटण गेलं न्हाई पायजे, म्हणायचे.”

“मग शंका कसली?”

“दोन वर्सांमागं एका लग्नात कुणीतरी येऊन बटण फिरवलं खुणंच्या फुडं. दोन युनिटं जळली. तवा ते हुते, त्यांनी निस्तरलं. आता मी एकली. सोनवडला मशीनपाशी शंभर हात येत्यात. युनिट गेलं तर परत घ्यायची ताकद न्हाई, सर. मला आसं मशीन सांगा की कुणी कसंबी फिरवलं तरी कर्णा जळणार न्हाई.”

मी कपाटातून ते जाड पुस्तक काढलं. ते मी पुण्याहून स्वतःच्या पैशांनी आणलं होतं आणि त्यातलं काही कुणाला सांगायची संधी मला तोवर मिळाली नव्हती. पान दोनशे पंधरावर स्पष्ट लिहिलं होतं : ॲम्प्लिफायरची ताकद स्पीकरच्या सोसण्यापेक्षा कमी असावी. मी त्यांना मराठीत समजावून सांगितलं. शंभर हे एकशे चाळीसपेक्षा कमी. जे मशीन शंभरच देऊ शकतं, ते एकशे चाळीस सोसणाऱ्याला जाळणार कसं? लहान मशीन न्या. बटण शेवटपर्यंत गेलं तरी धोका नाही.

इसाकभाईंना पटलं नव्हतं. “सर, मी अडाणी माणूस. पण बैल तगडा आसला की वझं आरामात वडतोय. बारका बैल जुंपला की त्यो जीव काढतोय, गाडीबी मोडतोय.”

“इसाकभाई, हे बैल नव्हेत,” मी म्हणालो.

मी केलेल्या विनोदाला कुणी हसण्याचा तो दुर्मीळ प्रसंग. मालनबाई हसल्या, इसाकभाईही मान हलवून हसले. मला फार बरं वाटलं.

“सर पुस्तकं वाचत्यात, इसाकभाई,” मालनबाई म्हणाल्या. “ह्यांची खूण आपली अंदाजानं केल्याली. सर, तुमी याल का मैदानाला? तुमी नुस्तं बसून ऱ्हावा. मला धीर.”

मी कुस्ती कधी पाहिली नव्हती. हो म्हणालो.

आम्ही सकाळी टेम्पोने गेलो. सोनवडचं मैदान म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी तांबड्या मातीचा हौद, आणि बसायला टेकडीचा उतार. इसाकभाईंनी चार कोपऱ्यांच्या खांबांवर चढून कर्णे बांधले. निवेदन करणारे शेवाळे गुरुजी आले, त्यांनी “हॅलो, हॅलो, सोनवड” म्हणून पाहिलं. रिकाम्या मैदानात आवाज असा खणखणीत उठला की उतारावरच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

“बघा,” मी म्हणालो.

“झ्याक,” मालनबाई म्हणाल्या. पदर खोचून त्या मशीनपाशी बसल्या. मी त्यांच्या मागे, कापडाच्या सावलीत, खुर्चीवर. मांडीवर पुस्तक. कोणतं हे वेगळं सांगायला नको.

दुपारी माणसं आली. उतार दिसेनासा झाला. हलगी सुरू झाली, आणि माझ्या लक्षात आलं की रिकामं मैदान आणि भरलेलं मैदान या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. माणसांच्या अंगांनी आवाज शोषला जात होता. जो उरत होता त्याला हलगी खात होती.

आणि मला आणखी एक माहीत नव्हतं. पैलवान कुस्ती मारतो तेव्हा लोक हौदापर्यंत येऊन इनाम लावतात. कुणी पाच रुपये, कुणी अकरा. पैलवानाला पैसे मिळतात आणि देणाऱ्याचं नाव कर्ण्यातून पुकारलं जातं, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. ते नाव टेकडीच्या टोकाला बसलेल्या त्याच्या भावकीला ऐकू गेलं पाहिजे. नाही तर इनाम लावलं न लावल्यासारखं.

एक म्हातारा काठी टेकत टेकडीवरून उतरला आणि थेट भगवानतात्यांसमोर उभा राहिला. “माझं नाव का घेतलं न्हाई?”

“दोनदा घेतलं की, आबा,” गुरुजी म्हणाले.

“आमच्याकडं कुणालाच आलं न्हाई. नातू हाय वर बसलेला. त्यो म्हणतोय, आबा, तू दिलंच न्हाईस.”

तात्या मालनबाईंकडे वळले. धोतर, पांढरा फेटा, आवाज हळू, पण सगळे ऐकतील असा. “बाई, आवाज वाढवा.”

मालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“वाढवा,” मी म्हणालो. “काही होत नाही.”

अर्ध्या तासाने दुसरा माणूस आला, मग तिसरा. दर वेळी तात्या म्हणत, वाढवा. दर वेळी मालनबाई माझ्याकडे पाहत आणि मी मान हलवे. मशीनच्या तोंडावर एक काटा होता. सकाळी तो गुरुजींच्या शब्दागणिक नाचत होता. आता तो उजव्या कडेला जाऊन टेकला होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता. आवाज मोठा झाला होता, पण शब्द कळत नव्हते. गुरुजी नाव पुकारत तेव्हा पत्रा दगडावरून फरफटत न्यावा तसं काहीतरी वरून यायचं.

इसाकभाई खांबाकडून आले आणि खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, “सर, मशीन रडायलंय.”

“लांबून तसं वाटतं,” मी म्हणालो. ते लांबून नव्हे, खांबाखालून आले होते.

“सर,” मालनबाई हळूच म्हणाल्या, “बटण पार फुडं गेलंय. कमी करू का?”

तात्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. पुस्तक घेऊन बसलेला हा कोण, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कमी करा म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी आयुष्यात चार माणसांपुढे मोठ्याने बोललो नव्हतो. आणि पुस्तकात लिहिलं होतं.

“राहू द्या,” मी म्हणालो. “मशीनच लहान आहे. कर्ण्यांना काय होणार?”

शेवटची कुस्ती लागली. दोन्ही पैलवानांनी मातीला हात लावला, हलगी थांबली, सगळी टेकडी उभी राहिली. गुरुजी कुस्ती लावणाऱ्यांची नावं घेत होते. तेव्हा पूर्वेचा कर्णा गेला. काही फुटलं नाही, नुसता गप्प झाला. मग पलीकडचा. तिसरा थोडा वेळ खरखरला. चौथा गेला तेव्हा गुरुजी वाक्याच्या मधोमध होते. त्यांचा खरा आवाज, एका म्हाताऱ्या मास्तरचा, हौदापाशीच्या शंभरेक लोकांना ऐकू आला. बाकी टेकडीला फक्त त्यांचं तोंड हलताना दिसलं.

शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी वरून चप्पल टाकली. इसाकभाई धावत जाऊन एक कर्णा उतरवून घेऊन आले, मागचं झाकण काढलं, आणि जळक्या व्हार्निशचा वास आमच्यापर्यंत आला.

कुस्ती झाली. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. तात्या मशीनपाशी आले. आवाज तसाच, हळू.

“यशवंता आसता तर ही येळ आली नसती. त्याचं मोठं मशीन हुतं. ते कुठाय?”

“घरी हाय,” मालनबाई म्हणाल्या.

“मग हे खेळणं घेऊन यायला कुणी सांगितलं?”

तात्यांच्या आणि माझ्यामध्ये दोन हातांचं अंतर होतं. मालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसभर पाहत होत्या, त्या वेळी मात्र नाही. मशीनच्या पिना काढता काढता त्या म्हणाल्या, “कुणी न्हाई, तात्या. माझी मीच आणलं.”

“बाईमाणसाच्या हातात मशीन दिलं, चूक आमचीच,” तात्या म्हणाले आणि गेले.

इसाकभाई माझ्याकडे पाहत होते. मी मांडीवरचं पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं.

आम्ही टेम्पोने परत निघालो. तालुक्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा मालनबाईंनी विचारलं, “सर, सकाळधरनं जेवलासा का काय?” मी हो म्हणालो. मी जेवलो नव्हतो.

त्या रात्री मी पान दोनशे पंधरा पुन्हा वाचलं आणि मग पान उलटलं. दोनशे पंधरापर्यंतचं प्रकरण दिवाणखान्यात बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी होतं. उघड्या मैदानाची गोष्ट दोनशे सोळावर सुरू होत होती. लहान ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ओढलं की तो लाटांचे माथे छाटतो, आवाज फाटतो, आणि शंभरचा म्हणवणारा ॲम्प्लिफायर जवळजवळ दुप्पट ताकद, नुसती उष्णता म्हणून, स्पीकरमध्ये ओततो. उघड्यावर मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा आणि तो निम्म्याच्या आत चालवावा. स्पीकर जास्त करून लहान ॲम्प्लिफायरनेच जळतात, असं शेवटी लिहिलं होतं. यशवंतरावांनी नखपॉलिशच्या एका ठिपक्यात सांगितलेलं लिहायला त्या लेखकाला दोन पानं लागली होती. ती दोन पानं मी वाचली नव्हती.

आठ दिवसांनी पत्र आलं. मालनबाई मंगळवेढ्याला भावाकडे गेल्या होत्या, तिथून. उरलेल्या चार ओळी अशा आहेत :

‘दिरानं गिऱ्हाईक आणलंय. तो म्हणतो तुला यातलं कळत नाही, तू युनिटं जाळलीस. इसाकभाई म्हणतात तुझं काही चुकलं नाही, पण त्यांचं कोण ऐकतो. तुम्ही शिकलेले, तुम्ही दोन ओळी लिहून दिल्या तर दिराला दाखवीन, तात्यांना पण दाखवीन. पंधरा दिवस मी विक्रीच्या कागदावर सही करत नाही. तुमचं पत्र आलं नाही तर माझंच चुकलं असं समजून सही करीन.’

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लाटांची आकृती काढली. दुसऱ्यात आकृती काढून टाकली आणि उष्णतेबद्दल लिहिलं. तिसरा मसुदा तीन पानांचा झाला. चौथा छोटा होता, चांगला होता. त्यात सगळं होतं, फक्त लहान मशीन न्यायला कोणी सांगितलं हे नव्हतं. त्या वाक्यापाशी दर वेळी पेन थांबायचं. हे पत्र तात्या वाचणार. मग ते कॉलेजात येणार. मग प्राचार्य. उद्या लिहू, असं करत पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मला हलकं वाटलं. हे लिहिण्याची मला लाज वाटते, पण वाटलं होतं हलकं.

जूनमध्ये दुकानावरची पाटी निघाली. दोनेक वर्षांनी एस.टी. स्टँडवर इसाकभाई भेटले.

“वहिनी शिवणकाम करत्यात मंगळवेढ्यात,” ते म्हणाले. “तुमची चौकशी करत हुत्या. म्हणाल्या, सर आजारी आसतील, न्हाईतर लिवलंच आसतं त्येंनी.”

माझी गाडी लागली होती. मी त्यांचा निरोप घेतला.

एवढंच घडलं. नंतर मी निवृत्त झालो, बायको गेली, कान गेले. कानाचं यंत्र मी सगळ्यांत स्वस्त घेतलं. तेही बरोबर चालेना म्हणून मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीने ते हातात घेऊन पाहिलं.

“आजोबा, आवाज कितीवर ठेवता?”

“शेवटपर्यंत. तरी शब्द कळत नाहीत. नुसता खरखराट.”

“म्हणूनच कळत नाहीत,” ती म्हणाली. ती जवळ सरकून, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. “मशीन लहान आहे. त्याला झेपत नाही एवढं मागितलं की ते फाटकं देतं. थोडं ताकदीचं घ्या आणि निम्म्यावर ठेवा. आरामात चालेल.”

मी यंत्र तिच्याकडून घेतलं आणि त्याचं बारीक चाक निम्म्यावर आणलं.

“कळलं का, आजोबा?”

“कळलं,” मी म्हणालो. “मला निम्म्यावर खूण करून द्याल?”

“खूण कशाला? लक्षात राहील तुमच्या.”

“नाही राहत,” मी म्हणालो.

तिने ड्रॉवर उघडला, मार्कर शोधला. तो निळा होता.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. पत्राचा निळा रंग घडीवर पांढरा झाला आहे. उत्तर एका बैठकीत झालं. आकृती नाही.

‘मालनबाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. लहान मशीन न्यायला मी सांगितलं. तुम्ही आवाज कमी करू का विचारलंत तेव्हा राहू द्या असंही मीच म्हणालो. यशवंतरावांची खूण बरोबर होती आणि इसाकभाईंचंही बरोबर होतं. मी पुस्तकाची दोन पानं कमी वाचली होती. तात्यांनी विचारलं तेव्हा मी दोन हातांवर होतो आणि गप्प बसलो. मी आजारी नव्हतो. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा, दीर असले तर त्यांना, सोनवडात कुणी उरलं असेल तर त्यांना. पंधरा दिवसांची मुदत टळून चौतीस वर्षं झाली, हे मला माहीत आहे.’

पत्ता त्या आंतर्देशीयावरचाच लिहिला. काल सकाळी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“आजोबा, हा पत्ता फार जुना वाटतोय. मालन कासार, भावाच्या घरी, तांबट गल्ली. माणूस सापडलं नाही तर परत कुठे पाठवायचं? मागे तुमचं नाव नाही.”

मी नाव लिहिलं नव्हतं. विसरलो होतो, असं मी आधी स्वतःला सांगितलं.

“पेन देता?”

त्यांनी दोरी बांधलेलं पेन सरकवलं. मी पाकिटाच्या मागे लिहिलं : अनंत रामकृष्ण हळबे. खाली गावाचं नाव. अक्षर मोठं काढलं.

“बरोबर आहे?” त्यांनी विचारलं आणि मोठ्याने वाचलं, माझं, वडिलांचं, गावाचं. रांगेतल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

त्यांनी तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मंगळवेढ्याच्या थैलीत टाकलं.